आमच्या अहवालात विहिरी का नाहीत?

शाळेचा वार्षिकांक हाती पडला की वाचक प्रथम आपले नाव शोधतो, नंतर वर्गाचे छायाचित्र पाहतो आणि मग, वेळ उरलाच तर, वर्षभराच्या कार्याचा अहवाल चाळतो. या क्रमात वावगे काही नाही. अहवालात काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असते. स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी, वृक्षारोपण, वक्तृत्व व निबंध यांच्या स्पर्धा, कबड्डी व खो-खोचे सामने, एक सहल, स्नेहसंमेलन, गुणवंतांचा सत्कार आणि सरतेशेवटी परीक्षेचा शेकडेवारीने सांगितलेला निकाल. जोडीला ‘परिसरवार्ता’ या सदरात मंदिराचा जीर्णोद्धार, नवी सडक, कोणा माजी विद्यार्थ्याची नेमणूक. हे सारे यावे. त्यात गावाचा व शाळेचा आनंद आहे आणि आनंदाची नोंद ठेवण्यात कंजुषी करू नये. परंतु बऱ्हाणपूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या शाळेचा असा अहवाल वाचून कोणी विचारले की, त्या वर्षी त्या गावच्या विहिरींना पाणी किती होते, तर त्याला उत्तर मिळणार नाही. जो गाव केळीवर जगतो आणि जी केळी पाण्यावर जगते, त्या गावच्या शाळेच्या लेखी पाणी ही वार्ताच नाही.

हा प्रश्न बसल्याजागी सुचलेला नाही. गेल्या वर्षी आपल्या शाळेत एक घटना घडली आणि ती कोणत्याच अहवालात आली नाही. नववीच्या चार मुलांनी सुती दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला एक लोखंडी नट बांधला, आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आपापल्या मळ्यातील विहिरींचे पाणी ते मोजत राहिले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर्गात भूजलाचा पाठ झाला होता, एवढेच निमित्त. त्यांची वही मी पाहिली आहे. तीत शुद्धलेखनाच्या चुका विपुल आहेत, दोन ठिकाणी तारखा राहून गेल्या आहेत, आणि एका विहिरीच्या शेवटच्या नोंदीपुढे आकड्याऐवजी तीनच शब्द आहेत: ‘दोरी पुरली नाही.’ निबंधस्पर्धेत ‘जल हेच जीवन’ या विषयावर ज्यांनी पारितोषिके मिळवली त्यांचे अभिनंदन करूनही मला असे म्हणावेसे वाटते की, पाण्यावर वर्षभरात आपल्या शाळेत जे काही लिहिले गेले त्यात हे तीन शब्द सर्वांत मोलाचे होते. त्या मुलांना पारितोषिक मिळाले नाही. तसा गटच स्पर्धांत नाही.

आता सहलीची गोष्ट घ्या. आपल्या भागातील शाळांची सहल बहुधा बऱ्हाणपूर शहरातच जाते, आणि ते योग्यच आहे. मुले किल्ला पाहतात, जामा मशिदीतील अरबी व संस्कृत शिलालेख पाहतात, तापीपलीकडे आहुखान्याला जातात, १६३१ साली मुमताजमहल या नगरीत निवर्तली हे पाठ करतात, आणि लालबागेजवळ कुंडी भंडाऱ्यात पाळण्याने उतरून गार हवेत चार क्षण उभी राहतात. वर आल्यावर छायाचित्र निघते. परतल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध होतो व त्यात हा भंडारा ‘अद्भुत’ ठरतो. अद्भुत हा शब्द वापरला की पुढे समजून घेण्याची आवश्यकता उरत नाही, हीच त्या शब्दाची सोय आहे.

वस्तुतः कुंडी भंडारा अद्भुत नाही. तो हिशेबी आहे. अकबराने १६०१ साली अशीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे व मोहिमांचे ठाणे झाले. सैन्य, कारागीर, व्यापारी यांनी शहर फुगले. तापी जवळ होती, पण नदीचे पाणी उंचावरील वस्तीला चढवायचे कसे, आणि शत्रूने ते नासवले तर काय, ही अडचण होती. तेव्हा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, फारसी जाणकाराच्या मदतीने उलट दिशेने विचार झाला. पाणी नदीकडून आणण्याऐवजी डोंगराकडून आणायचे. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांच्या व वाळूच्या जाड थरांत मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. त्या सरकत्या पाण्याच्या वाटेत बोगदा खणला, त्याला बेताचा उतार दिला, आणि सुमारे वीस-वीस मीटरांवर वरपर्यंत उभ्या कुंड्या बांधून काढल्या, म्हणजे हवा खेळेल आणि माणसाला साफसफाईसाठी उतरता येईल. अशा शंभरावर कुंड्या आजही मोजता येतात. ना मोट, ना रहाट, ना यंत्र. केवळ उताराने पाणी शहरात येई. हाच रहीम आपल्या मुलांना हिंदीच्या पुस्तकात दोह्यांचा कर्ता म्हणून भेटतो. पण दोहे रचणारा आणि पाणी आणणारा मनुष्य एकच, हे सहसा कोणी त्यांना सांगत नाही.

या कामाचा अर्थ असा की, चारशे वर्षांपूर्वी या भूमीवर वावरणाऱ्या माणसांना जमिनीखालचे पाणी कोठे आहे, किती खोल आहे आणि कोणत्या बाजूस सरकते, हे मोजून माहीत होते. उतार थोडा चुकला असता तर पाणी साचून राहिले असते किंवा माती खणत वाहिले असते. मार्च २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले, तेव्हा आपण आनंद व्यक्त केला. मग ज्या मोजणीच्या बळावर तो वारसा उभा राहिला, ती मोजणी आपल्या हातून का सुटली? बोगदा पाहण्यास आपण मुलांना नेतो, आणि त्यांच्या स्वतःच्या मळ्यातील पाण्याची पातळी काय, हे मात्र त्यांना विचारीत नाही.

आजची स्थिती पाहू. आपल्या जिल्ह्याला एक मान मिळालेला आहे. घरोघरी नळाने पाणी पोहोचवण्याच्या योजनेत, सर्व गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून तसे प्रमाणित केलेला देशातील पहिला जिल्हा म्हणून जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूरचे नाव जाहीर झाले, गावे २५४. हे कार्य मोठे आहे. ज्या घरात सून व मुलगी यांच्या डोक्यावरचा हंडा उतरला त्या घराला ते किती मोठे, हे वेगळे सांगावयास नको. शाळेत वेळेवर येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरही ते वाचता येते. परंतु नळ हे पाणी आणण्याचे साधन आहे, पाणी निर्माण करण्याचे नव्हे. त्याच जमिनीतून केळीलाही पाणी द्यावयाचे असते. केळी हे आपल्या जिल्ह्याचे मुख्य उत्पादन म्हणून शासनाने निवडले आहे. रावेर-जळगावकडे तर तिचे राज्यच आहे. हे पीक वर्षभर, किंबहुना वर्षाहून थोडे अधिक, जमिनीत उभे असते, आणि भर वैशाखातही त्याला पाण्याची तहान असते. ठिबकाने पुष्कळ बचत केली, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर नवा मळा उभा राहिला तर बचत कोठे गेली, हे विहिरीलाच विचारावे लागेल. विहिरीचे उत्तर आकड्यांत असते, आणि तो आकडा कोणी लिहून ठेवलेला नसतो.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. पाणी खाली गेले की सर्वांचे सारखेच जात नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो विंधणविहीर आणखी खोल नेतो; ज्याची जुनी उथळ विहीर आहे त्याची आधी कोरडी पडते. मग गावात बोलणी होतात, भाऊबंदकी पेटते, नशिबाला बोल लावला जातो. नोंद नसली म्हणजे तंट्याला पुरावा नसतो, आणि पुरावा नसला म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरते. ‘आमच्या लहानपणी या विहिरीला बारमाही पाणी असे’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ते खरेही असेल. पण त्या वाक्यावर कोणी योजना आखू शकत नाही.

आणि योजना तर दारात आली आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांमध्ये तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार झाला. तापीचे पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच दगडगोट्यांच्या पट्ट्यात नेऊन जमिनीत मुरवावयाचे, अशी तिची कल्पना आहे. सुमारे ३१.१३ अब्ज घनफूट पाण्याचा उपयोग तीत धरला असून मध्य प्रदेशात १,२३,०८२ आणि महाराष्ट्रात २,३४,७०६ हेक्टर क्षेत्राला लाभ व्हावा असा अंदाज आहे. आपल्या बाजूस बऱ्हाणपूर, नेपानगर व खकनार हे तालुके त्यात येतात. विद्यार्थी मित्रांनो, हे वाचताना कुंडी भंडारा आठवला असेल. रहीमने त्या थरातून पाणी काढले. आता त्याच थरात पाणी घालावयाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला हा भाग नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्यानंतर नव्या राज्यात आला आणि महाराष्ट्राची सीमा आपल्या शेताच्या कडेला येऊन बसली. पण तो दगडगोट्यांचा थर बऱ्हाणपुराहून रावेर, यावलकडे तसाच गेला आहे. सीमेचे खांब जमिनीवर असतात. खाली ते पोहोचत नाहीत.

ही योजना पुरी होण्यास किती वर्षे लागतील ते लागोत. ती पुरी झाल्यावर एक प्रश्न प्रत्येक गावात उठणार आहे: आमच्या विहिरीला पाणी आले का, आले तर किती? त्याचे उत्तर ज्या गावाजवळ योजनेपूर्वीच्या आठ-दहा वर्षांच्या नोंदी असतील त्यालाच देता येईल. बाकीच्यांनी मोठमोठे अहवाल वाचावे आणि मान डोलवावी. उद्याचे पाणी उद्या मोजता येईल. कालचे आता कोणालाही मोजता येणार नाही. म्हणून हे काम या वर्षी सुरू झाले पाहिजे, आणि ते शाळेने केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेनेच का? शासन मोजत नाही का? मोजते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये व नोव्हेंबरमध्ये. पण तेवढ्या थोड्या विहिरींवरून जिल्ह्याचा अंदाज होतो, तुमच्या शिवाराचा होत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावकऱ्यांनी स्वतः पाणी मोजावे यावर भर होता; परंतु मध्य प्रदेशातून तीत बुंदेलखंडाकडील जिल्हे घेतले गेले, आपला जिल्हा नव्हता. तेव्हा कोणी येऊन शिकवील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. गावात अशी संस्था एकच आहे की जिथे शिवाराच्या प्रत्येक कोपऱ्यातून रोज कोणीतरी येते, ज्याला लिहिता-वाचता येते, ज्याचा पाय मळ्याच्या वाटेवर सहज पडतो, आणि ज्याच्या नोंदी ठेवण्यासाठी कुलूपबंद कपाट आहे. ती संस्था म्हणजे शाळा.

हे अशक्य नाही, याला उदाहरण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार हे अवर्षणाचे गाव. तेथे पोपटराव पवार १९८९ पासून सरपंच झाले, गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, आणि पुढे पाऊस व विहिरी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती झाला, प्यायला किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल, हे ग्रामसभेत ठरते. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या गावाने ऊस व केळी यांना आणि शेतीसाठीच्या विंधणविहिरींना मज्जाव केला, हेही सांगितले पाहिजे. केळीला मज्जाव करा असे बऱ्हाणपुरात सांगणारा मनुष्य सुखरूप घरी पोहोचेल की नाही याची मला शंका आहे, आणि तसे सांगण्याचा माझा हेतूही नाही. हिवरेबाजारचे नियम आपण उचलावे असे नव्हे. त्यांची वही उचलावी. पिकाचा निर्णय ज्याचा त्याने करावा, पण तो डोळे उघडे ठेवून करावा.

काम कसे करावे? फार साहित्य लागत नाही. गावातील दहा-बारा उघड्या विहिरी निवडाव्या. सर्व एकाच बाजूच्या असू नयेत, डोंगराकडच्या, नदीकडच्या, मोठ्या बागायतदाराच्या व दोन एकरवाल्याच्याही असाव्या. प्रत्येक विहिरीच्या काठावर एका जागी रंगाची खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना घेतलेला आकडा फसवा असतो. म्हणून पहाटे, रात्रभर उपसा थांबल्यावर मोजावे. हातांच्या गाठीऐवजी मीटरच्या खुणा असलेली फीत वापरावी, कारण हात प्रत्येकाचा निराळा. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक असावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, हा हिशेब सातवीचे मूलही करील, आणि तो केल्यावर पावसाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल. आपल्या मुलांच्या घरी कोठे मराठी, कोठे अहिराणी, कोठे गुजरी, निमाडी वा कोरकू बोलली जाते. विहिरीच्या निरनिराळ्या भागांना, झऱ्याला, उमाळ्याला, पाण्याच्या चवीला या बोलींत किती शब्द आहेत, तेही आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात आपोआप जमा होतील.

आक्षेप येतीलच. पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. कठडा नसलेली विहीर हे मुलांचे स्थान नव्हे. म्हणून कठड्याच्याच विहिरी घ्याव्या, मुलांनी एकट्याने जाऊ नये, मालक किंवा शिक्षक जवळ असल्यावाचून दोरी सोडू नये. हा नियम मोडणार असेल तर उपक्रमच बंद ठेवलेला बरा. दुसरा आक्षेप पालकांचा: याला परीक्षेत गुण किती? गुण नाहीत. स्नेहसंमेलनातल्या नाचालाही नसतात, तरी त्याच्या तालमीस आपण महिनाभर देतो. तिसरा आक्षेप मळेवाल्यांचा असेल: आमच्या पाण्याचा आकडा चारचौघांत का जाहीर व्हावा? याचा मान राखला पाहिजे. विहिरीला क्रमांक द्यावा, मालकाचे नाव छापू नये. एका आजीबाईंनी त्या चार मुलांना ‘पाणी मोजू नका रे बाबांनो, मोजलं की दृष्ट लागते’ असे सांगितल्याचे कळते. त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. त्यांच्याकडून ती विहीर कोणत्या साली खणली आणि किती हातांवर पाणी लागले, एवढे मात्र विचारून घ्यावे. ती नोंद आपल्या फितीला कधीच घेता येणार नाही.

खरी अडचण निराळी आहे, आणि ती मे महिन्याची आहे. पाणी सर्वांत खाली जाते ते मे महिन्यात, आणि त्याच वेळी शाळेला सुटी असते. शिक्षक आपापल्या गावी जातात, मुले लग्नकार्यात गुंततात. नेमका जो आकडा सर्वांत महत्त्वाचा तोच गळतो. याला उपाय एकच दिसतो. प्रत्येक विहिरीसाठी त्याच मळ्यातील दोन विद्यार्थी नेमावे, एक आठवीतला व एक नववीतला, म्हणजे एक गावाला गेला तरी दुसरा राहील, आणि वरचा दहावीत जाऊन अभ्यासात गढला तरी खालचा पुढे काम चालवील. मुलींना वगळू नये. पाणी कोठे व किती हे घरात सर्वांत आधी त्यांनाच कळते.

संपादक मंडळाला माझी विनंती एवढीच आहे की, पुढील अंकात परीक्षेच्या निकालाच्या लगतची दोन पाने या नोंदींसाठी राखून ठेवावी: डाव्या पानावर महिनावार पाऊस, उजव्या पानावर विहिरींचे क्रमांक व चार वेळची पातळी. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच छापावा, अंदाजाने भरू नये. मूळ वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, दाखलखारिजाच्या नोंदवहीशेजारी ठेवावी. आणि फीत तीस मीटरांची घ्यावी; पंधरा मीटरांची स्वस्त मिळते, पण ती आपल्याकडे पुरणार नाही.